डावीकडची नजर

एका संसाराची शकले कशी होतात हे दाखवणारा चित्रपट ज्या संकलकाकडे जोडणीसाठी आला, त्याची बायकोच त्यात नायिका होती आणि दिग्दर्शक तिचे सख्खे मामा. घरचे कार्य म्हणतात ते असे.

त्याचे डोके उठवले ते एकाच दृश्याने. घर सोडताना नायिका दारातून नवऱ्याकडे शेवटचे पाहते; पडदाभर तिचा चेहरा. एका टेकमध्ये ती अशा काही मायेने पाहत होती, की संकलकाचा जळफळाट झाला. आपल्याकडे हिने असे कधी पाहिले? आणि हे भाग्य कुणाचे, तर त्या नायकाचे, ज्याला सगळे 'देखणा' म्हणत आणि जो आपला सारा अभिनय ते न ऐकल्यासारखे करण्यात खर्ची घाली!

संकलक व्यासंगी होता. मत्सराला त्याने मत्सर म्हटले नाही, 'लयीची गरज' म्हटले. तो टेक काढून त्याने तिथे दुसरा लावला, ज्यात तिचे डोळे नुसते थंड होते. मग हाताला चटकच लागली. हसू दिसले, छाट. बोटे बोटांत रेंगाळली, छाट.

जोडलेला चित्रपट पाहून मामा खुर्चीतून उठलेच. "जावईबापू, जीव घेतलात! हिचं याच्यावर कधी प्रेम होतं असं वाटतच नाही. संसार मोडावा तर असा!"

संकलकाने विनयाने मान लववली.

"दारातला माझा टेक कुठंय?" मागच्या खुर्चीवरून बायकोने विचारले.

"लयीत बसत नव्हता."

"लय बाकीच्यांना सांग. मला खरं सांग."

"खरं? देखण्याकडे असं बघताना लाज नाही वाटली?"

मामा एकाएकी चष्मा पुसू लागले.

"देखणा? तो केव्हाच घरी गेला होता! मी बघायचं म्हणून त्याच्या जागी चिकटपट्टीची फुली होती, कॅमेऱ्याच्या उजवीकडे. तू मला न्यायला आला होतास. माझा स्वेटर काखेत धरून डावीकडे उभा, बावळटासारखा. मी तुझ्याकडे पाहिलं."

"मला काय माहीत?"

"दुसऱ्याच्या सिनेमात नजर बोटभर सरकली तरी जेवण होईपर्यंत बडबडतोस तू!"

त्याने टाकून दिलेला टेक पडद्यावर आणला. नजर डावीकडेच होती. नवशिक्यालाही दिसावी इतकी डावीकडे. तिथे नसलेल्या माणसाला पाहण्यात तो इतका गढला होता, की तिचे डोळे कुठे वळले आहेत हे त्याने पाहिलेच नव्हते.

"परत लावतो," तो पुटपुटला.

"नको. सिनेमा चांगला झालाय." तिने पर्स खांद्याला अडकवली. "एवढे दिवस हे पोटात ठेवून माझ्या शेजारी बसून जेवलास. एकदा विचारायचं तरी. मामा, मला तुमच्याकडे घेऊन चला."

मामांनी जावयाकडे पाहिले, भाचीकडे पाहिले आणि मुकाट्याने गाडीची किल्ली उचलली.

ती दारातून बाहेर पडली. मागे वळून पाहायचे काम तिने आधीच करून ठेवले होते.