भोंग्यावरचं गाऱ्हाणं

"हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन... अनिल, येतोय काय रे आवाज?"

"लांज्यापर्यंत गेला असेल, हरीतात्या! पुरे करा आता!"

हरिश्चंद्र पुरे करायला तयार नव्हता. जेटीवरच्या भोंग्यातून आवाज निघे आणि लांब टोकाला, बर्फाच्या कारखान्यावर बसवलेल्या दुसऱ्या भोंग्यातून तोच आवाज जरा मागाहून ऐकू येई. एका माणसाचे दोन झाल्यासारखं वाटे. आज दोघांनाही काम होतं.

मच्छीमार सोसायटीचा शिपाई, माईकवाला. सव्वीस वर्षं.

आज सायंकाळी पाणी येणार नाही.

तीन नंबरचा बावटा लागला आहे, कोणीही होडी बाहेर काढू नये.

... यांचे आज पहाटे निधन झाले.

एवढीच सव्वीस वर्षं. त्याने माईक हातात घेतला की बायका हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहत.

आणि सोमवारी वरून पत्र आलं. सहीशिक्क्याचं. वादळातून बंदरातील सर्व नौका परतल्याबद्दल येत्या शुक्रवारी सार्वजनिक कृतज्ञता दिन पाळण्यात यावा.

हरिश्चंद्र उडालाच. आभार मानायचे, तेही भोंग्यावरून, तेही त्याच्या तोंडून! तीन दिवस त्याने मासळी सोडली, घसा बसू नये म्हणून मध चाटला. मुलीच्या लग्नातला सदरा काढला.

"काल झोपेत पण वाचत होतात," कमळा म्हणाली. "शेवटी मीच 'आभारी आहे' म्हटलं, तेव्हा गप्प झालात."

"बायको, आज हसून घे. आज भोंगा ऐकून कोण रडायचं नाय."

बोलला आणि जीभ चावली.

कारण चौथ्यांदा वाचताना, म्हणजे पहिल्या तीनदा नुसता आनंदच वाचून झाल्यावर, त्याला पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य दिसलं होतं. *एकाही खलाशाचा जीव गमावला गेला नाही.*

सखूचा मुलगा रघू आयत्या वेळी एका होडीवर चढला होता. ठरलेल्या खलाशाला ताप भरला, म्हणून. यादीत नाव नाही. होडी परतली, रघू नाही. गावाने कळवलं, पण तोवर पत्र छापून झालं होतं.

"ह्या वाक्याचं काय करू?" त्याने सोसायटीचा सेक्रेटरी अनिल याला विचारलं.

"सरकारी पत्र हाय, तात्या. आपल्याला फुली मारता येत नाय. भराभर वाचून टाका."

"आणि सखू?"

"सखूकाकी कशाला येतेय?"

दहा वाजता जेटी फुलून गेली. होड्यांना झेंडूच्या माळा, ताशेवाले, नवी लुगडी, नारळांचा ढीग. शहरातून आलेल्या साहेबीणबाई खुर्चीत बसल्या. हरिश्चंद्रने माईक दोन्ही हातांनी धरला, आनंदाने. खरंच आनंदाने.

"सर्व नौका सुखरूप परतल्याबद्दल आपण आज कृतज्ञता व्यक्त करीत आहोत!"

तो श्वास घ्यायला थांबला. आणि आवाज चढवून कोणी थांबलं की ह्या गावाच्या तोंडून जे आपोआप निघतं, ते निघालं. देवळात देवाला गाऱ्हाणं घालताना प्रत्येक मागण्याला निघतं तेच.

"व्हय म्हाराजा!"

बाई दचकल्या. हरिश्चंद्रही.

"हवामान खात्याने वेळेवर इशारा दिल्याबद्दल..."

"व्हय म्हाराजा!"

"सर्व संबंधित अधिकारी व कर्मचारी यांचे..."

"व्हय म्हाराजा!" पोरं उड्या मारत होती, ताशा प्रत्येक होकारावर कडाडत होता. बाई हसून टाळ्या वाजवू लागल्या. हरिश्चंद्रला वाटलं, आपला घसा घंटेचा झालाय. गाऱ्हाणं घालायचा मान मानकऱ्यांचा, शिपायाचा नव्हे. आज सरकारनेच त्याला दिला होता. वाक्यामागून वाक्य, लाटेमागून लाट, आणि—

शेवटून दुसरं.

त्याने मान वर केली. माईकपासून चार हातांवर सखू उभी होती. आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. धुवट लुगडं, हातात एक नारळ.

"एकाही..."

थांबला. गाव होकाराची वाट बघत होतं.

"वाचा की," अनिल कुजबुजला.

सखू त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. बावटा लागल्यावर बघायची, तशी. पुढचं ऐकायला.

हरिश्चंद्रने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.

"बा दर्या म्हाराजा," तो म्हणाला. आवाज बसला होता, मधाचा काही उपयोग झाला नव्हता. "सगळ्या होड्या तू परत दिल्यास. माणसं दिलीस. एक ठेवून घेतलास. सखूचा रघू. कागदावर त्याचं नाव नाय, म्हणून तुला सांगतो. हात जोडून सगळ्यांचे आभार मानतो, पण त्या पोराला नीट सांभाळ, रे म्हाराजा."

ताशा उठला नाही. याला होकार कसा द्यायचा, कोणालाच कळेना. पोरंसुद्धा आयांच्या तोंडाकडे बघत राहिली. माळा वाऱ्यावर होड्यांना घासत होत्या, तेवढंच.

सखूने डोक्यावरचा पदर सारखा केला. दोन पावलं पुढे आली.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

हळूच म्हणाली, पण माईक चालू होता. जेटीवर ते एकदा ऐकू आलं. मग लांब, बर्फाच्या कारखान्यावरून, जरा मागाहून, पुन्हा एकदा.