पास झालेले आकडे

भय्यासाहेबांची चौतीस वर्षं जबलपूरच्या फॅक्टरीत, इन्स्पेक्शनला गेली. निवृत्तीनंतरही खोड जाईना. ओमतीच्या बाजारातून आणलेला दुधी भोपळासुद्धा ते खालीवर फिरवून पाहत, मगच स्वयंपाकघरात जाऊ देत. म्हणूनच त्यांच्या पत्नीला, प्रमोदिनीबाईंना, पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी रोज बीपी लिहायला सांगितलं, तेव्हा काम अगदी योग्य माणसाकडे गेलं असं सगळ्यांना वाटलं.

डॉक्टर चिन्मयी नागपूरच्या. तिथवरचा प्रवास बाईंना आता झेपत नव्हता, म्हणून महिन्यातून एकदा मोबाईलवरच भेट व्हायची. भय्यासाहेब मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवत. बाई इस्त्रीची साडी नेसून बसत. डॉक्टरसमोर गाऊनवर बसणं त्यांना पटत नसे.

त्या सकाळी भय्यासाहेबांनी वही वाचली. एकशे अठ्ठावीस, एकशे तीस, एकशे सव्वीस. डॉक्टर खूश झाल्या. इतकं छान आहे तर रात्रीची गोळी बंद करून पाहू, म्हणाल्या. बाईंचा चेहरा खुलला. भय्यासाहेबांनी मात्र वही मिटून घेतली.

खरी गोष्ट त्यांनाच ठाऊक होती. तीन आठवडे पहिल्या मोजणीत आकडा एकशे सत्तरच्या खाली येत नव्हता. फॅक्टरीत माप चुकलं की आधी यंत्रावर संशय घ्यायचा, पुन्हा मोजायचं. तेच त्यांनी घरी चालवलं. बाईंना आडवं करायचं, पाणी पाजायचं, पट्टा सोडून पुन्हा बांधायचा. पाचव्या-सहाव्या वेळी कधी तरी आकडा मनासारखा यायचा, तो वहीत जायचा. खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं, अशी स्वतःची समजूत त्यांनी घालून ठेवली होती. आता त्या समजुतीवर बायकोची गोळी बंद होणार होती. ते घाबरले.

"डॉक्टर, गोळी बंद करू नका," ते म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे मोजायला लावलं. एकशे चौऱ्याहत्तर. त्यांनी गोळी बंद करायच्या ऐवजी आणखी एक वाढवली, दोन दिवसांत पुन्हा फोन करायला सांगितलं, आणि पहिला येईल तो आकडाही लिहायचा, असं बजावलं.

फोन बंद झाल्यावर बाईंनी दंडावरचा पट्टा सोडला.

"मला वाटे, तुमची सवयच आहे, म्हणून दहादा मोजून राहिले," त्या म्हणाल्या. "मला काहून नाही सांगितलं?"

"फॅक्टरीत गाडीभर माल रिजेक्ट केला, काही वाटलं नाही," भय्यासाहेब म्हणाले. "तुझा आकडा लिहायला हातच होत नव्हता."

प्रमोदिनीबाईंनी वही आपल्याकडे ओढली. पेन बोटांत नीट बसत नव्हतं, तरी त्यांनी एकशे चौऱ्याहत्तर स्वतःच लिहिलं, वाकडंतिकडं, पण वाचता येईल असं.

"चलो, उद्यापासून लिहायचं काम माझं," त्या म्हणाल्या. "तुम्ही नुसतं जवळ बसा."