तिकडचा आवाज

"तिसऱ्यांदा येऊन राहिला तू, रुपराव," बाबाराव म्हणाले. "मी चाल सांगतो अन् तिकून मिनिटभर आवाजच नाही."

टेलिफोन खात्यातल्या रुपराव लाइनमनने मान डोलावली. ही तक्रार आज मिटली नाही तर लेखी जाब द्यावा लागेल, असं सुपरवायझरने सकाळीच बजावलं होतं. धंतोलीतले हे निवृत्त मास्तर आणि सदर भागातले त्यांचे मित्र गिरिधर रोज चार वाजता फोनवर बुद्धिबळ खेळत. दोघांचेही गुडघे गेल्यापासून जाणं-येणं बंद होतं. रुपरावने तारेच्या जोडणीची डबी बदलली होती, जोड पुन्हा बांधले होते, तारेला घासणारी कडुनिंबाची फांदीही छाटली होती.

"तुम्ही खेळा जी. मी वरून ऐकतो."

खांबावर चढून त्याने तपासणीचा फोन तारेला जोडला.

"गिरिधर, माझा उंट घोड्यासमोर. बोल."

खरखर नव्हती. पलीकडच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा स्पष्ट येत होती. रुपराव खूश झाला. मग एक बाई हळूच म्हणाली, "मामाजी, घोडा हलवा ना. हा, हा घोडा."

"हा कसा चालते वं?" म्हाताऱ्या आवाजाने विचारलं.

रुपराव खाली उतरला, पण सहीचा कागद त्याने लगेच पुढे केला नाही. हळू बोललेलं बाबारावांना ऐकू येत नसे; त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला होता.

"लाइन साफ हाय जी."

"मग काहून बोलत नाही तो?"

"सूनबाई सांगून राहिल्या होत्या त्यायले. घोडा कसा चालते ते."

बाबाराव पटाकडे बघत राहिले. "त्यानंच शिकवलं मले," ते म्हणाले. "शाळेत." मग त्यांनी रिसीव्हर उचलला. "गिरिधर, लाइन खराबच हाय गा. लाइनमन पाहून राहिला. तू आरामात सांग."

रिसीव्हरवर हात ठेवून ते रुपरावला म्हणाले, "तक्रार मिटवू नको. राहू दे तशीच."

"साहेब मले सोडणार नाही जी."

रुपराव क्षणभर घुटमळला. मग कागदावर 'दोष सापडला नाही, पुन्हा पाहणे' असं लिहून त्याने तो घडी करून खिशात ठेवला.

बाहेर सायकलला शिडी बांधताना त्याला खिडकीतून बाबाराव दिसले. रिसीव्हर कानाशी घट्ट धरून, डोळे मिटून ते थांबले होते.