होविताची ओटी

चारुता वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. घर साफ करायला येणाऱ्या होविताला ती अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या इतर बायकांसारखं 'ती मेक्सिकन' म्हणत नसे. होविता ग्वाटेमालाची, हे तिला ठाऊक होतं. स्पॅनिश मात्र ओ की ठो येत नव्हतं.

त्या दिवशी बाथरूम घासता घासता होविता टबाच्या काठावर बसली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "मारेआदा." म्हणजे घेरी येतेय. कामाच्या प्रत्येक घरी ती हेच सांगत होती, कोणी मनावर घेत नव्हतं. चारुताला ऐकू आलं, मॅरीड.

"मॅरीड? अगं, मग सांगायचं नाही का?"

होविता मान डोलावत राहिली. कुणाला तरी एकदाचं समजलं, म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चारुताला वाटलं, लाजली.

नव्या नवरीला रिकाम्या हाती कसं धाडायचं? चारुताने तिला खुर्चीवर बसवून हळदकुंकू लावलं. तिने खुणावल्यावर होविताने निमूट ॲप्रन पसरला. त्यात तांदूळ, नारळ, खण आणि वर हळदीची एक पुडी.

"यार चारू, आता उखाणाही घ्यायला लाव," श्रीरंग लॅपटॉपमागून म्हणाला. नवराच तो, थट्टा केल्याशिवाय राहतोय कसला.

पुढच्या आठवड्यात होविताच्या बहिणीचा, नोएमीचा फोन आला. होविता कुणाच्या तरी जिन्यावर कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती गेली.

चर्चच्या हॉलमध्ये फोटोपाशी मेणबत्त्या होत्या, आणि शेजारी तो नारळ, न फोडलेला. नोएमीचं इंग्लिश चांगलं होतं.

"मी तिला क्लिनिकला चल म्हणत होते," ती म्हणाली. "ती म्हणायची, चारुताने औषध केलंय. आमच्या गावी अंगावरून अंडं उतरवतात ना, तसंच इंडियन लोकांचं असणार. घेरी जाईल आता."

"घेरी?"

"मारेआदा. सगळ्यांना सांगायची. फक्त तुम्हालाच कळलं."

चारुताला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. हातातली कागदी प्लेट तेवढी जड वाटत राहिली.

"ती पिवळी पूड रोज पाण्यातून घ्यायची," नोएमी म्हणाली. "काही चुकलं का तिचं?"

"नाही," चारुता म्हणाली. "बरोबर घेतली तिने."

नोएमीने तिचा हात हातात घेतला आणि थँक यू म्हणाली.