भिंतीपलीकडचं बटन

देवमननं टेस्टरचं टोक छपराच्या टिनाला टेकवलं आणि आतला दिवा लाल पेटला. मग टिनाखालच्या लोखंडी पाइपाला टेकवलं, तिथंही पेटला. पाइपाला बांधलेली कपडे वाळवायची तार राहिली होती. तिच्यावर लेकराचे दोन ओले लंगोट लोंबत होते. तारेलाही टेस्टर लागला तसा दिवा पेटलाच.

"कोनी हात लावू नोका!" तो मागं सरकत ओरडला. "सगळ्या टिनात करंट उतरला."

आत बाजेवर वर्षाराणी उजवा हात पोटाशी धरून बसली होती. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. मघाशी लंगोट वाळत टाकताना तिला असा झटका बसला, की ती मागच्या मागं फेकली गेली. तार मुठीत आली नाही, नुसती बोटं लागली, म्हणून निभावलं. महिन्याचं बाळ तेव्हा पाळण्यात होतं. ते कडेवर असतं तर, हे घरातल्या तिघांच्याही मनात येऊन गेलं होतं आणि कोणी तोंडातून काढलं नव्हतं.

दोष शोधायला लांब जावं लागलं नाही. भिंतीपलीकडून येणारी वायर टिनाच्या कडेवर टेकून आली होती. वाऱ्यानं घासून घासून तिचं वरचं प्लास्टिक फाटलं होतं आणि आतलं तांबं टिनाला चिकटलं होतं.

मालेगावच्या वायरमनला फोन लावला, तर तो लगनसराईत गुंतलेला. म्हणाला, परवा येतो. तोवर लाईट बंद ठेवावी, तर एप्रिलचं ऊन. सकाळीच टिनाखाली भट्टी पेटल्यासारखं होत होतं. कूलरशिवाय त्या लेकरानं दोन दिवस काढायचे कसे?

"मीच करतो," देवमन म्हणाला.

"करा. पन आंधी मेन बंद करा लागन," चतुराबाई म्हणाली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

घोडं इथंच पेंड खात होतं. घराची वाटणी झाली, अंगणात भिंत उभी राहिली, पण मीटर आणि मेनचं बटन एकच राहिलं. तेही पलीकडे, धाकट्या भावाच्या, देवानंदच्या ओसरीत. आणि या दोघा भावांचं तीन वर्षांपासून बोलणं बंद. आईच्या तेरवीला भरल्या पंगतीत देवानंद म्हणाला होता, "तू आईले पाहाले आला कवा?" ते देवमनच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून काही निरोप असला की चतुराबाईनं इकडचं तिकडं करायचं. म्हातारपण जवळ आलं तरी दोघांचा ताठा काही उतरत नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

"तू जाय. मी नाही जात," देवमन म्हणाला.

चतुराबाई रस्त्यानं वळसा घालून जाऊन आली.

"केलं बंद. भावजींनीच केलं. इचारून राह्यले होते, किती टाइम लागते म्हनून."

"सांग त्याले, लागन तेवढा लागन."

"मी आता पुन्हा नाही जात बाप्पा. तुमी चढा."

देवमननं पायात रबरी चप्पल घातली. कोरडी बांबूची शिडी लोखंडी पाइपाला न लावता मातीच्या भिंतीला लावली. चतुराबाईनं ती खालून घट्ट धरली. वर चढल्यावर त्यानं टेस्टर पुन्हा टिनाला टेकवला, उघड्या तांब्याला टेकवला. दिवा लागला नाही. मगच त्यानं पक्कड खिशातून काढली.

वायरचा घासलेला तुकडा त्यानं कापून टाकला. नवा तुकडा जोडायच्या आधी त्यावर प्लास्टिकचा पाइप चढवला, म्हणजे पुन्हा टिनाला घासायला नको. आतल्या दोन्ही तारांचे जोड एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून एक मागं, एक पुढं ठेवला. घाम डोळ्यांत उतरत होता. उघडं तांबं दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तो पीळ देत होता, तेवढ्यात पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला.

"अवो, कोनी आहे का घरात? चक्की काहून बंद?"

देवानंदच्या ओसरीत पिठाची चक्की होती. आवाज गल्लीतल्या भागिरथाचा. ज्वारीचा डबा घेऊन आली असणार.

"लाईट तं सगळ्या गावात आहे. इथंच कशी गेली?" भागिरथा आपल्याशीच बोलत होती. "हात् तिच्या! मेनच तं खाली पडलं आहे. थांबा, मीच वर करते."

देवमनच्या हातातली वायर सुटली. त्यानं दोन्ही हातांनी शिडीचा बांबू धरला. टिनाची कड ढोपरापासून वीतभर अंतरावर होती आणि सुटलेली वायर कुठं टेकली ते त्याला दिसत नव्हतं. 'देवानंद' म्हणून एक हाक मारायची होती, बस. तोंड उघडलं, पण हाक बाहेर येईना. जीव जायची वेळ आली तरी हा माणूस अडलेलाच! खाली चतुराबाईनं शिडी आणखी घट्ट धरली. तीच ओरडणार होती.

"ताई, हात मांगं!" पलीकडून देवानंद किंचाळला. एक पत्र्याचा डबा खणकन खाली पडला. "हात लावू नोको म्हनतो ना! वरतं दादा आहे!"

"माय व्ही! मले काय मालूम बाप्पा," भागिरथा म्हणाली. "ज्वारी सांडली ना माही."

"सांडू दे. पानी प्याले आत गेलो, तेवढ्यातच आली तू."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. देवानंद मेनसमोर खुर्ची टाकून बसला असावा.

दादा. तीन वर्षांत हा शब्द भिंतीच्या अलीकडे आला नव्हता. देवमनला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. त्यानं सुटलेली वायर उचलली, टेस्टर पुन्हा एकदा तांब्याला लावून पाहिला आणि पीळ पुरा केला. जोडांवर टेप गुंडाळला. पाइप सरकवून लाकडी वाशाला बांधला. खाली उतरल्यावर लंगोटांची ती लोखंडी तार मुळासकट तोडून टाकली.

आत लेकरू उकाड्यानं रडायला लागलं होतं.

"भावजी!" चतुराबाईनं भिंतीवरून हाक दिली. "झालं वो. टाका बटन."

पलीकडे खुर्ची करकरली, पण खटका काही पडला नाही.

"भावजी, टाका ना. लेकरू रडून राह्यलं."

"वैनी, तुमच्या सांगन्यावर नाही टाकत मी. जो वरतं चढला, त्यानं सोताच्या तोंडानं सांगाव."

"अवो, मी खोटं सांगून राह्यली काय?"

"खोटं नाही. आपल्या गावचा लखमा वावरात लाईटच्या खांबावर होता, तवाही खालून दुसऱ्याच मानसानं 'झालं' म्हनून सांगतलं होतं. त्याचा जळलेला हात पाह्यला ना तुमी? मी नाही टाकत."

चतुराबाईनं नवऱ्याकडे बघितलं. देवमन पकडीला लागलेला टेप नखानं खरवडत उभा होता. आत लेकराचा आवाज चढत चालला. वर्षाराणी त्याला छातीशी धरून दारात आली. लेकराचं तोंड लालबुंद झालं होतं.

"बाबा, सांगा ना."

देवमननं पक्कड खिशात घातली.

"टाक."

"कोन बोलून राह्यलं?" भिंतीपलीकडून प्रश्न आला.

"मी."

"मी कोन?"

"अबे, मी देवमन! तुहा भाऊ! टाक आता!"

मग देवानंदचा आवाज आला, जरा खाली उतरलेला.

"दादा, शिडीवरून उतरला ना?"

"उतरलो."

"पोरगी, लेकरू टिनापासून दूर आहे?"

"आहे. दूर आहेत सगळे."

खटका पडला. आत कूलर घरघरला. लेकराचं रडणं लगेच काही थांबलं नाही. देवमन टेस्टर घेऊन टिनाजवळ गेला.

"लागला का दिवा टिनाले?" पलीकडून विचारणा झाली.

"नाही."

"पाइपाले लावून पाह्य."

"पाह्यलं."

"अजून एक डाव पाह्य, दादा."

"पाह्यलं म्हनलं ना! लहानपनापासून तुही हीच खोड, एक डाव सांगून समजत नाही!" देवमन चिडला आणि सवयीनं बायकोकडे वळला. "चतुरा, सांग त्याले, टिनात काईच नाही आता."

चतुराबाई शिडी उचलून भिंतीच्या आडोशाला न्यायला निघाली होती.

"मले कायले सांगता?" ती चालता चालता म्हणाली. "तिकडं तोंड करून सांगा. ते ऐकून राह्यले."