खंडेनवमीची आंघोळ

मित्रांनो, मी शिसवाचा एक जुना ओंडका आहे. राहुरीकडच्या एका बांधावर मी झाड म्हणून उभा होतो, वादळात आडवा झालो. पखवाज बनवणाऱ्या सहादेव मिस्त्रींनी मला टेम्पोतून केडगावला आणलं. चिरू नये म्हणून टोकांना शेणाचा जाड लेप दिला आणि वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवलं.

"याचा पखवाज माज्या लेकीला," ते म्हणाले. त्यांची लेक धनश्री तेव्हा बालवाडीत होती. लाकूड सावकाश वाळलं तरच पखवाज नीट बोलतो, म्हणून मी नुसता पडून राहिलो. आता धनश्री कॉलेजात जाते आणि भजनात मागून आणलेला पखवाज वाजवते. यंदा दिवाळीनंतर मला कोरायचं ठरलं होतं. मिस्त्रींचे हात थरथरू लागलेत, त्यामुळे हा त्यांचा शेवटचा पखवाज.

खंडेनवमीला मिस्त्रींच्या पत्नी भागूबाईंनी पूजेसाठी करवत, पटाशी धुतली. मग माझ्याकडे वळल्या.

"लई वर्षं पारोसा हाय बिचारा!"

काथ्याने घासून त्यांनी लेप काढला, बादलीभर पाणी ओतलं आणि मला अंगणात उन्हात लोटलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. दुपारी काड्‌कन आवाज झाला. उभा चिरलो.

संध्याकाळी चीर न बघताच त्याच अंगावर झेंडूचा हार! तोंड लपवायला ओंडक्याला पदरही नसतो.

मिस्त्रींचं बोट चिरेत गेलं. "भागे, शेन काढलंस?"

"देवापुढं शेनानं माखलेलं ठिवायचं व्हय?" म्हणता म्हणता त्यांना चीर दिसली. "आगं आई! त्यापरीस मीच चिरले असते तर बरं हुतं."

"तुजा काय पखवाज हुनार?" मिस्त्री हसायला गेले, पण जमलं नाही.

"आप्पा, दुसरं लाकूड आणू," धनश्री म्हणाली.

"ते वाळंस्तवर मी कशाचा ऱ्हातो?"

"मग मी कोरीन. तुम्ही आत्ता शिकवा, यावरच."

आता तिचा प्रत्येक चुकलेला घाव माझ्यावर पडतो. कोपऱ्यात नवा ओंडका आलाय. त्याला लेप भागूबाईंनीच दिला, मिस्त्रींना तीनतीनदा विचारून.

मित्रांनो, कुणी काही जपून ठेवलं असेल, तर त्यावर माया करण्याआधी जपणाऱ्याला विचारा. भागूबाई माझ्या बाजूने जाताना मान वळवतात. त्यांची काही चूक नाही, हे मात्र मला त्यांना सांगता येत नाही.