गेलाच नव्हता असे समजण्यात यावे

मोटारसायकल महासंघाच्या परवाना विभागात एक खिडकी, एक टेबल, तीन कपाटं आणि कलमबाई एवढाच ऐवज होता. बाईंचं खरं नाव पगारपत्रकात होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नसे. काहीही विचारलं तरी त्या आधी कलमाचा आकडा सांगत आणि मग उत्तर देत, म्हणून कलमबाई. अकरा वर्षांत त्यांच्या खिडकीतून एकही चुकीचा कागद बाहेर पडला नव्हता, आणि ही गोष्ट त्या स्वतःच सांगत असल्यामुळे सगळ्यांना तोंडपाठ होती.

परवाने द्यायचे ते स्पीडवेच्या स्वारांना. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायचं तर मातीचा लंबगोल ट्रॅक, चार गाड्या, चार फेऱ्या, वळायचं फक्त डावीकडे, आणि मिनिटभरात खेळ खलास. गाडीला ब्रेक नसतो. सगळे ब्रेक कागदांना लावलेले असतात. मिनिटभराच्या या खेळाची नियमावली दोनशे चौदा पानांची होती आणि त्यातली निम्मी पानं स्वार नेमका कुठल्या देशाचा, हे ठरवण्यात खर्ची पडली होती.

खर्ची पडली तरी वाया गेली नव्हती. राष्ट्रीय संघात चार स्वार होते. पहिल्याची आजी या देशात जन्मली होती. दुसऱ्याची आजी इथे जन्मली होती असं त्याची मावशी म्हणायची. तिसऱ्याच्या आजीची आई आगगाडीने हा देश ओलांडत असताना तिला कळा आल्या, आणि गाडी सीमेच्या अलीकडे होती की पलीकडे यावर समितीच्या चार बैठका झाल्या होत्या. चौथ्याने इथल्या मुलीशी लग्न केलं होतं, आणि ते लग्न टिकेल की नाही याची काळजी मुलीच्या आईपेक्षा महासंघाच्या अध्यक्षांना जास्त होती. चौघांपैकी कुणालाही इथली भाषा येत नव्हती, त्यामुळे संघात भांडणं मात्र अजिबात नव्हती.

या आज्यांचे जन्मदाखले तिसऱ्या कपाटात असत. त्याला सगळे आज्यांचं कपाट म्हणत. एका आजीचे तीन नातू तर तीन वेगवेगळ्या देशांकडून खेळत होते. कलम एकतिसाप्रमाणे आजी चालत असे, पणजी चालत नसे.

एवढं करून संघ गेल्या वर्षी शेवटून पहिला आला. यंदा सांघिक स्पर्धा नेमकी घरच्याच ट्रॅकवर होती, दोन महिन्यांवर. तेव्हा कुठे अध्यक्षांच्या लक्षात आलं, की जगात चौथा असलेला स्वार याच गावात जन्मला, याच ट्रॅकवर पडत-धडपडत शिकला, आणि गेली अकरा वर्षं शेजारच्या देशाचे रंग अंगावर घालून आपल्याच लोकांच्या तोंडावर माती उडवतोय. त्याला सगळे भोवरा म्हणत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशातली गत. पण या कळशाला हात लावायची कुणाची छाती नव्हती, कारण भोवरा हा कलमबाईंचा सख्खा धाकटा भाऊ होता आणि त्याचा अर्ज फेटाळणारा हातही बाईंचाच होता.

तो किस्सा बाई स्वतःच दर नवीन माणसाला ऐकवत. नोकरीला लागून त्यांना दोन महिने झाले होते. अर्जाची अखेरची तारीख पंधरा. भाऊ डॉक्टरचा दाखला घेऊन सोळा तारखेला सकाळी खिडकी उघडायच्या आधी हजर. तरुण गटात खेळायचं त्याचं ते शेवटचं वर्ष होतं, पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं. बाईंनी अर्ज फेटाळला. "खिडकीच्या आत मी ताई नाही," असं त्या त्याला म्हणाल्या होत्या, आणि किस्सा सांगताना हे वाक्य त्या जरा थांबून सांगत. त्याच आठवड्यात भाऊ सीमेपलीकडे गेला. तिथल्या महासंघाने त्याला परवाना दिला आणि बदल्यात त्याचा देश घेतला.

तेव्हापासून तो दर रविवारी आईला फोन करी आणि बरोबर त्याच वेळी बाईंना गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं सुचे. आईने ट्रॅकचं तोंड पाहिलं नव्हतं. माझं पोर तिथे नाही तर मी काय दुसऱ्यांच्या आज्यांचे नातू बघू, असं ती म्हणायची.

अध्यक्षांचा पूर्वी सोफ्यांचा धंदा होता. गिऱ्हाइकाला बसतं कसं करायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि कलम चौऱ्याऐंशी त्यांच्यापुढे सरकवलं. देश बदलायचा तर स्वाराने तीन वर्षं घरी बसावं, असा नियम. मात्र पहिला परवाना त्याच्याच महासंघाने चुकीने नाकारला असेल, तर स्वार देश सोडून 'गेलाच नव्हता असे समजण्यात यावे'. त्यासाठी एकच कागद लागत होता: परवाना नाकारणाऱ्या कर्मचाऱ्याचा सहीनिशी कबुलीजबाब. मसुदा टाइप करून तयार होता.

चूक झालेलीच नाही, असं बाई म्हणाल्या.

"तेच तर," अध्यक्ष म्हणाले. "ज्याची खरंच चूक झालीय, तो जन्मात कबूल करणार नाही. म्हणून तर तुमच्याकडे मागतोय."

बाई चहा तसाच ठेवून उठल्या. भाऊ परत यावा असं त्यांना वाटत नव्हतं का? वाटत होतं. त्याच्या शर्यती त्या दार लावून, आवाज बंद करून टीव्हीवर बघत, आणि तो पडला की हातातली उशी घट्ट धरत. पण खोटी सही करायची म्हणजे अकरा वर्षांचं त्यांच्याजवळ जे एकमेव होतं, तेच हातातून सोडायचं. मसुद्यात तर 'हलगर्जीपणा' असाही शब्द होता, आणि तो त्यांच्या फार जिव्हारी लागला.

घरी येऊन त्यांनी आईला सगळं सांगितलं. आपली पोरगी बरोबर आहे असं आई म्हणेल, निदान बिचारी तरी म्हणेल, अशी त्यांची अपेक्षा होती. आई शेंगा सोलत होती.

"मग ती फाइल एकदा बघून तरी ये," आई म्हणाली. "अकरा वर्षं नुसतं सांगतेयस. उघडून कधी पाहिलंयस?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी रागारागातच दुसरं कपाट उघडलं. अध्यक्षांच्या टेबलावर पुरावा आपटायचा, एवढाच बेत होता. फाइल सापडली. अर्ज होता, दाखला होता, अर्ज फेटाळल्याच्या त्यांच्याच अक्षरातल्या पत्राची प्रत होती, वर सोळा तारखेचा शिक्का. सवयीप्रमाणे त्यांनी त्या वर्षाचं कॅलेंडर काढून वार पडताळला. सोळा तारखेला सोमवार होता. म्हणजे पंधराला रविवार.

कलम बारा, शेवटची ओळ: अखेरची तारीख सुट्टीच्या दिवशी आल्यास पुढचा कामाचा दिवस धरावा. हे कलम बाईंनी आजवर शेकडो लोकांना ऐकवलं होतं. मग तेव्हा का नाही आठवलं, म्हणून त्या डोकं धरून बसल्या आणि मग त्यांना ती प्रत आठवली. नोकरीला लागल्या तेव्हा आधीच्या कारकुनाने त्यांना नियमावलीची झेरॉक्स दिली होती. पठ्ठ्याने मशीनवर प्रत्येक कागदाची एकच बाजू ठेवली होती. नुसती विषम पानं. बाईंनी ती मन लावून पाठ केली. एका पानावरचं वाक्य पुढच्या पानाला जुळत नसे, पण नियमांची भाषा अशीच असणार असं त्यांना वाटलं. तिसऱ्या महिन्यात पूर्ण प्रत आली, तीही त्यांनी पाठ केली. कलम बाराची शेवटची ओळ पान अठरावर होती.

बाई कपाटासमोर फरशीवरच बसल्या. खिडकीवर कुणीतरी टकटक करत होतं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांना रडू आलं नाही, नुसती लाज वाटली. तो किस्सा त्यांनी किती जणांना, किती थाटात सांगितला होता ते एकेक आठवत गेलं.

मसुदा बाजूला सारून त्यांनी कबुलीजबाब स्वतःच्या हाताने लिहिला. झेरॉक्स, विषम पानं, रविवार, सगळं. अध्यक्षांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"नुसती विषम पानं!" ते म्हणाले. "बाई, हे तुम्हाला सुचलं कसं?"

खरं आहे ते, असं बाईंनी सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, उत्तम, कुणी विचारलं तर अगदी असंच सांगायचं. दुपारपर्यंत कार्यालयभर झालं, की कलमबाईंनी भावासाठी खोटं लिहून दिलं. जे लोक त्यांना पाहून जिना बदलत ते त्यांना नमस्कार करू लागले. मनानं चांगली आहे हो बाई, असं हिशेबनीस म्हणाला. अकरा वर्षं खऱ्याने वागून त्यांना एक माणूस जोडता आला नव्हता, आणि आता खोटारड्या ठरल्यावर सगळी माणसं जवळ आली.

आंतरराष्ट्रीय मंडळाचा हुकूम तीन आठवड्यांत आला. सदर स्वार गेलाच नव्हता. त्यावर शेजारच्या महासंघाने विचारलं, की मग आमची अकरा वर्षांतली पदकं जिंकली कुणी? मंडळाने अभ्यास समिती नेमली. पदकं जिंकली गेली आहेत, मात्र ती जिंकणारा तेव्हा तिथे नव्हता, असा समितीचा अहवाल आला आणि तो सर्वांनी मान्य केला.

भोवरा अर्ज द्यायला आला तो एका साध्या मंगळवारी. बत्तीस वर्षांचा झाला होता, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आला होता, आणि उजवीकडे वळतानाही आधी थोडा डावीकडे झुकत होता. खिडकीशी उभा राहून तो नुसतं "ताई" म्हणाला. बाईंनी आठवडाभर मनात जुळवलेलं सगळं भाषण पार विस्कटलं.

"तो कबुलीजबाब खोटा नाहीये," त्या म्हणाल्या. "सगळे काहीही म्हणू देत. तेव्हा चूक खरंच माझी होती."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात. तिकडच्या कारकुनाने तुझं पत्र वाचलं, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि हसायला लागला. म्हणाला, तक्रार कर, आठ दिवसांत तुझा परवाना तुला मिळेल."

"मग केली का नाहीस?"

भोवऱ्याने खिडकीच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली. "तुला लागून दोन महिने झाले होते. तक्रार केली असती तर तुला काढलं असतं. आई किती खूश होती, ताईला स्वतःचं टेबल मिळालं म्हणून. मला काय, गाडी कुठेही चालवता आली असती."

ज्या खुर्चीवर बसून अकरा वर्षं बाई जगाला नियम शिकवत होत्या, ती खुर्ची या पोराने स्वतःचं गाव देऊन राखली होती. आणि त्या दर रविवारी कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"एकदा तरी बोलायचंस," त्या कशाबशा म्हणाल्या.

"तू फोनवर कुठे यायचीस?"

त्यांनी मान खाली घालून अर्ज तपासायला घेतला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. नाव, जन्मगाव, रक्तगट. आजीचा रकाना कोरा, कारण त्याला आजीची गरज नव्हती. शेवटचा रकाना होता: पूर्वी परवाना नाकारला असल्यास कारण. तिथे भोवऱ्याने त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'मला यायला उशीर झाला.'

बाईंनी पेन उचललं आणि ते वाक्य एका रेघेत खोडलं. वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'अर्ज वेळेत आला होता.'

"ताई," भोवरा हळूच म्हणाला, "खाडाखोड केलेला अर्ज बाद होतो ना? तुमचं कुठलंतरी कलम आहे."

"सात," कलमबाई म्हणाल्या, आणि शिक्क्याची तारीख दोनदा पाहून त्यांनी तो अर्जावर उमटवला.